मराठवाड्यातील गाडी आणि तिचा पाटा

चाकोरी हा शब्द आपण रोज वापरतो. चाकोरी म्हणजे चाकांनी जमिनीत पाडलेली वाट. नांदेड-लातूरकडच्या काळ्या मातीत बैलगाडीच्या लोखंडी धावेने पावसाळ्यात ती कोरावी आणि उन्हाळ्यात तिने दगडासारखे कडक व्हावे, असा क्रम पिढ्यान् पिढ्या चालला. एकदा चाक तिच्यात बसले की गाडीवानाच्या हाती फारसे उरत नसे. गाडी हिसके खात जायची. ते हिसके आंसावरून थेट साट्यात, साट्यातून बसणाराच्या पाठीत आणि जुवावरून बैलाच्या मानेत उतरायचे. मध्ये अडवणारे काही नव्हते.

हे हिसके अडवणारी वस्तू म्हणजे पाटा. इंग्रजीतून आलेला शब्द स्प्रिंग. पण मोटारगाड्यांच्या मिस्त्रींनी त्याला पाटा हे आपले नाव दिले. रचना पाहिली तर साधी आहे. पोलादाच्या पाच-सात पट्ट्या, किंचित कमानीसारख्या वाकवलेल्या, क्रमाने आखूड होत जाणाऱ्या, एकीवर एक रचून मधोमध बोल्टाने आवळलेल्या. सर्वांत लांब पट्टीच्या दोन्ही टोकांना गोल डोळे वळवलेले असतात. एक डोळा गाडीच्या चौकटीला पिनेने पक्का बसतो. दुसरा एका झुलत्या कडीला अडकवतात. तिला मिस्त्री शॅकल म्हणतात. ही कडी कशासाठी? तर वजन पडले की कमान सपाट होते, म्हणजेच तिची दोन टोके एकमेकांपासून दूर जातात. त्यांना सरकायला जागा नको का? शिवाय पट्ट्या एकमेकींवर घासतात आणि त्या घासण्यात हिसक्याचा बराच जोर जिरून जातो.

युरोपात पूर्वी श्रीमंतांच्या बग्ग्या चामड्याच्या पट्ट्यांवर टांगलेल्या असत. पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा तिथे होत्याच. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी लंडनच्या ओबादाया इलियट या बग्गी बनवणाऱ्या कारागिराने लंबगोल स्प्रिंग बसवण्याची रीत काढली, तेव्हापासून गाड्या हलक्या झाल्या आणि बसणे सुसह्य झाले. आपल्याकडे ही सोय आधी आली ती साहेबाच्या नि सरदाराच्या बग्गीला, शिग्रामाला. मग भाड्याच्या टांग्याला. शेतकऱ्याची गाडी होती तशीच राहिली. ज्या गाडीत धान्याची पोती बसायची, तिला पाटा कशाला, असा तो हिशेब! पोत्यांवर बसलेल्या माणसाचा विचार त्यात नव्हता.

भाराचा शास्त्रीय विचार आमच्या भागाला घडवला तो रेल्वेने. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने बार्शी लाइट रेल्वे आखली. तिचा पहिला टप्पा १८९७ साली सुरू झाला आणि १९११ साली ही अडीच फुटी गाडी लातूरला पोहोचली. कॅलथ्रॉपचा सिद्धान्त असा, की रूळ हलका असला तरी चालेल, मात्र कोणत्याही एका आंसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. एकूण ओझे किती, एवढाच प्रश्न त्याने विचारला नाही. ते चाकांवर कसे वाटले जाते हेही त्याने पाहिले. गाडी भारतात येण्यापूर्वी इंग्लंडात लीड्सजवळ तिच्या चाचण्या झाल्या होत्या. १९२७ साली ही लाइन मिरजेपर्यंत गेली. पुढे ती ब्रॉडगेज झाली, आणि एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरसाठी पाण्याची गाडी मिरजेहून आली ती याच मार्गाने. गंमत अशी, की त्या जुन्या काळी माल आगगाडीत चढला म्हणजे स्प्रिंगांवर बसे. पण शेतापासून लातूरच्या बाजारापर्यंत आणि तिथून स्टेशनापर्यंत तो बैलगाडीतच हिसके खात येई.

माणसांना पाट्याची खरी ओळख करून दिली ती बसने. निजाम राज्याच्या रेल्वेने जून १९३२ मध्ये अवघ्या २७ गाड्यांनिशी सरकारी बस वाहतूक सुरू केली. स्कॉटलंडच्या ॲल्बियन कंपनीच्या त्या गाड्या. पुढे मराठवाड्यातही या खात्याच्या बसगाड्या फिरल्या. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ जुलै १९६१ पासून इथली वाहतूक महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात सामील झाली. बस वेळेवर का आली नाही, या प्रश्नाला 'पाटा तुटला' हे उत्तर आपल्याकडे इतके रुळले, की शाळकरी पोरालाही पाटा म्हणजे काय ते सांगावे लागत नाही.

पण पाटा तुटतो का, हे मात्र सांगावे लागते. पुष्कळदा दोष पोलादाचा नसतो, बसवण्याचा असतो. पाटा आंसावर आवळून धरणारे यू-बोल्ट सैल झाले, की सगळा ताण मधल्या सेंटर बोल्टावर येतो. तो तुटला की आंस सरकतो आणि गाडी तिरकी चालू लागते. म्हणून नवा पाटा बसवल्यावर थोडी धाव झाली की यू-बोल्ट पुन्हा आवळावेत, असे जाणता मिस्त्री बजावून सांगतो. डोळ्यातला बुश झिजला तर तो बदलावा आणि पिनेला ग्रीस द्यावे. एका बाजूचा पाटा बदलला तर दुसऱ्या बाजूचाही पाहावा. नाहीतर गाडी एका अंगाला कलते. मोडलेल्या पट्टीला वेल्डिंग करू नये. भट्टीत तापवून कमान वाढवली, तर पोलादाला पुन्हा रीतसर पाणी द्यावे लागते. नुसती लाल करून वाकवलेली पट्टी दिसायला कमानदार, पण चार खेपांत बसते.

आणखी एक गोष्ट आहे. ओझे वाढले की आपण एक पट्टी वाढवतो, किंवा जाड पट्टी घालतो. पट्टीची जाडी दुप्पट केली, तर तिचा ताठरपणा दुप्पट नव्हे, आठपट होतो! भरलेल्या गाडीला हे मानवते. रिकामी गाडी मात्र दगडासारखी आदळते. यावर उपाय जुनाच आहे: हेल्पर पाटा. मुख्य पाट्याच्या वर तो मोकळा बसतो. गाडी रिकामी असताना त्याचा कशाशी संबंध येत नाही. ओझ्याने चौकट खाली आली, म्हणजे तो टेकतो आणि भार उचलतो. मालमोटारींना तो वर्षानुवर्षे बसतो आहे.

मग ही हकीकत आज सांगायचे कारण काय? कारण आपल्या भागातली एक प्रवासी गाडी अजून या इतिहासाबाहेर राहिली आहे. बैलगाडीला रबरी टायर आले, लोक तिला टायरगाडी म्हणू लागले. त्या टायरांनी थोडा हिसका गिळला. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचे पहिले संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीच्या सुधारणेचा आणि बैलाच्या कष्टांचा प्रश्न देशापुढे मांडला. त्यानंतर ट्रॅक्टर आले, आणि त्यांच्यामागे ट्रॉल्या. दसरा-दिवाळीनंतर बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून, बीडबरोबरच नांदेड-लातूरच्या तालुक्यांतूनही, ऊसतोडीची कुटुंबे कारखान्यांकडे निघतात ती या ट्रॉल्यांतून. चूल, पत्रे, धान्य, शेरडे. त्यांवर म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया आणि पोरे. किती तास प्रवास चालेल याचा नेम नसतो. ट्रॉली बांधलेली असते काही टन उसासाठी. काही ट्रॉल्यांत आंस थेट चौकटीलाच जोडलेला असतो. पाटा असलाच तर तोही भरगच्च ओझ्याच्या बेताचा. उसाच्या मानाने माणसांचे वजन ते किती! त्या वजनाने पाटा वाकतच नाही. म्हणजे ज्या दिवशी तिच्यात माणसे बसतात, त्या दिवशी ती बिनपाट्याची बैलगाडीच होते, आणि तीही ट्रॅक्टरच्या वेगाने पळणारी.

खरे म्हणजे या कुटुंबांनी बसनेच जावे. माल वाहण्याची ट्रॉली ही माणसांची गाडी नव्हे. पण तोवर नवी ट्रॉली बांधून घेणाऱ्या मालकाने मिस्त्रीला 'किती टन झेपेल' याबरोबरच 'रिकामी कशी चालेल' हेही विचारावे. मऊ मुख्य पाटा, वर हेल्पर, नीट आवळलेले यू-बोल्ट, ग्रीस दिलेली शॅकल: यांत नवा शोध एकही नाही. बग्गीला, टांग्याला आणि बसला जे मिळाले, ते शेवटच्या गाडीपर्यंत पोहोचायचे तेवढे राहिले आहे.