‘समाजस्वास्थ्य’वरील खटले

इतिहास म्हटला म्हणजे आपण धुळेकर राजवाडे संशोधन मंडळाकडे बोट दाखवतो, आणि ते योग्यच आहे. पण ज्या १९२७ साली हे मंडळ निघाले, त्याच वर्षी जुलैत मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ नावाचे एक मासिकही निघाले. राजवाड्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. त्या मासिकाचे नाव मात्र आपल्या आज्यांनी ऐकले असले, तरी उच्चारले नसेल. स्मरणिकेत हा विषय कशाला, असे काही भगिनी म्हणतील. म्हणोत.

संपादक होते प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे, महर्षी अण्णासाहेब कर्व्यांचे थोरले चिरंजीव. ते नऊ वर्षांचे असताना, १८९१ साली, त्यांच्या मातोश्री राधाबाई बाळंतपणात गेल्या. त्या काळी असे घडले नाही असे घर शोधूनच काढावे लागेल. इतरांनी दैवाला बोल लावला. या मुलाने मोठेपणी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. लंडनला मेरी स्टोप्सबाईंचे केंद्र निघाले तेही त्याच साली. या कामापायी विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी १९२५ साली सुटली. पत्नी मालतीबाईंची साथ होती. मूल होऊ द्यायचे नाही, असे उभयतांनी ठरवले होते. शेजारणींनी मालतीबाईंना काय काय ऐकवले असेल, ते आपल्याला सांगायला नको.

मासिकाच्या मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचे चित्र असे. मला विचाराल तर ते नसते तर बरे झाले असते. ज्या घरांत हा अंक जायला हवा होता, त्यांचे दार त्या चित्रानेच बंद केले. आत मात्र संततिनियमनाची माहिती, गुप्तरोगांविषयी सावधगिरी आणि वाचकांच्या प्रश्नांना रोखठोक उत्तरे असत. प्रौढ माणसांच्या खाजगी वर्तनाने दुसऱ्या कोणाची हानी होत नसेल, तर त्यात समाजाने आणि सरकारने पडू नये, असे कर्वे उघड लिहीत.

१९३१ साली व्यभिचाराविषयीच्या एका लेखावरून अश्लीलतेचा खटला झाला आणि शंभर रुपये दंड बसला. दुसरा खटला १९३४ चा. या वेळी गुन्हा काय, तर वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना छापून दिलेली उत्तरे! वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यावरून लेखन अश्लील ठरत नाही, आणि लोकांच्या मनात विकृत कल्पना असतील तर त्या ज्ञानानेच जातील, अशी त्यांची बाजू होती. कोर्टाला ती पटली नाही. दंड झाला दोनशे रुपये.

ते प्रश्न कोणाचे होते, याचा विचार करावा. घरात वडीलधाऱ्यांना विचारता येत नाही, डॉक्टरांपुढे तोंड उघडत नाही, अशी माणसे संपादकाला पत्र लिहीत. उत्तर छापणाऱ्याला शिक्षा म्हणजे विचारणाऱ्याचेही तोंड बंद. आणि वारंवारची बाळंतपणे ज्यांच्या वाट्याला येत, त्यांना तर आधीच तोंड नव्हते.

कर्व्यांची सगळीच मते मला पटत नाहीत. लेखणीही फार तिखट. गांधीजी संततिनियमनाला केवळ संयमाचा मार्ग सांगत. कर्वे त्यांच्यावरही तुटून पडले. पण सर्वांना पटणारे लिहिणाऱ्यावर खटला भरतो कोण?

१९३८ साली आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा प्रश्न आणला, तोही फेटाळला गेला. कर्वे दंड भरीत आणि पुढच्या अंकाला लागत. असे सव्वीस वर्षे चालले. १९५२ साली सरकारने स्वतःच कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे गेले. नोव्हेंबरचा अंक शेवटचा ठरला.