नागरी रचनेचे घटक व तत्त्वे : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात

नागरी रचना : इमारती, रस्ते, चौक, मोकळ्या जागा, झाडे आणि पाणी यांची एकमेकांशी सांगड घालून माणसांच्या वावराला योग्य असा परिसर घडवण्याची कला व शास्त्र. नगरनियोजन कोणत्या जमिनीवर काय असावे हे ठरवते, वास्तुकला एकेका इमारतीचा विचार करते. घराच्या उंबऱ्यापासून बाजारापर्यंतची, कोणा एकाच्या मालकीची नसलेली जागा या दोहोंच्या मध्ये उरते आणि तोच नागरी रचनेचा विषय होय. स्वतंत्र विद्याशाखा म्हणून तिची मांडणी १९५६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात भरलेल्या परिषदेपासून सुरू झाली. गावे व शहरे वसवण्याचा व्यवहार अर्थातच त्याहून फार जुना आहे.

घटक : अमेरिकी नियोजनकार केव्हिन लिंच यांनी ‘द इमेज ऑफ द सिटी’ (१९६०) या ग्रंथात बॉस्टन, जर्सी सिटी व लॉस अँजेलिस येथील रहिवाशांशी बोलून असे दाखवले, की माणसाच्या मनातले शहर मार्ग, कडा, विभाग, केंद्रे व खुणा या पाच घटकांचे बनलेले असते. परभणी शहराला ही मांडणी चांगली लागू पडते. जिंतूर, पाथरी, गंगाखेड व वसमत या गावांकडे जाणारे रस्ते हे शहराचे मुख्य मार्ग असून पत्तेही त्यांच्याच नावांनी सांगितले जातात. लोहमार्ग ही ठळक कडा. नानलपेठ, नवा मोंढा हे स्वतःची ओळख असलेले विभाग. गांधी पार्क व गुजरी बाजार ही केंद्रे. वसमत रस्त्यावरील कृषी विद्यापीठाची काळी कमान आणि हजरत शाह तुराबुल हक यांचा दर्गा या खुणा अशा, की नवख्या माणसाला रस्ता सांगताना त्यांचे नाव घ्यावेच लागते.

मात्र मराठवाड्यातल्या गावासाठी हे पाच घटक पुरत नाहीत. सावली आणि पाणी हे आणखी दोन घटक त्यांच्या बरोबरीने धरले पाहिजेत. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो तेव्हा रस्ता कितीही रुंद आणि सरळ असला, तरी त्यावरून दुपारी चालता येत नसेल तर तो पायी जाणाऱ्याच्या उपयोगाचा राहत नाही.

सावली : जिल्ह्यातील जुन्या वस्त्यांमध्ये दगड-मातीच्या जाड भिंतींची माळवदाची घरे एकमेकांना लागून उभी असत. लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर दाबून केलेले हे सपाट छप्पर उन्हाचा ताप खोलीत उतरू देत नसे आणि उन्हाळ्यात रात्री झोपायलाही उपयोगी पडे. घरांमधले बोळ अरुंद. दहा फुटांच्या बोळाला दोन्ही बाजूंनी पंधरा फुटांच्या भिंती असल्या, की सकाळी एका आणि दुपार कलल्यावर दुसऱ्या भिंतीची सावली मिळते. पण हे दक्षिणोत्तर बोळाच्या बाबतीत खरे आहे. पूर्व-पश्चिम बोळात उन्हाळ्यात जवळपास दिवसभर ऊन असते. शिवाय परभणीचे अक्षांश १९ अंशांच्या थोडे वर असल्याने मेच्या मध्याला मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि भिंतीची सावली तिच्या पायथ्याशीच संपते. त्या वेळी कामी येते ते केवळ डोक्यावरचे आच्छादन. दारापुढचा छपरीचा भाग, दुकानाचा छज्जा, पारावरचा वड किंवा पिंपळ, रस्त्याकडेचा कडुलिंब यांना म्हणूनच येथे शोभेच्या वस्तू समजता येत नाही. चाळीस फुटी रस्त्यावर एकमजली घरे बांधली तर भिंतींची सावली जेमतेम कडेपुरती पडते. झाडांची रांग हाच तेथे एकमेव उपाय असतो, आणि रस्ता रुंद करताना पहिला घाव तिच्यावरच बसतो. हे नुकसान भरून यायला वीस-पंचवीस वर्षे लागतात.

पाणी : गोदावरीकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. तेथे नदी ही कडा आहे, पण गावाने तिच्याकडे पाठ केलेली नाही. घाटाच्या पायऱ्यांमुळे तीच कडा स्नानाची, विधींची व भेटीगाठीची जागा होते, म्हणजे एकाच वेळी कडाही आणि केंद्रही. नदीपासून दूरच्या गावांत हे काम बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, करीत असे. जिंतूर तालुक्यातील चारठाणा येथे जुन्या मंदिरांच्या परिसरात बारव आहे. सेलू तालुक्यातील वालूरची चक्राकार बारव रचनेच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. गोल फिरत उतरणाऱ्या तिच्या पायऱ्यांवरून पाण्याची पातळी कुठेही असली तरी माणूस पाण्यापर्यंत पोहोचतो; खाली जाताना ऊन कमी होते, गारवा वाढतो. अलीकडे गावकऱ्यांनी श्रमदानाने गाळ उपसून ती मोकळी केली. आज परभणी शहराचे पाणी येलदरी धरणातून नळाने येते. सोय वाढली हे खरेच. परंतु पाण्याभोवतीची सार्वजनिक जागा त्याबरोबर गेली आणि तिच्या बदली दुसरी कोणी निर्माण केली नाही.

लोहमार्ग आणि मोंढा : निजामाच्या राज्यात सिकंदराबाद–मनमाड हा मीटरगेज लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला आणि जिल्ह्यातील गावांची मांडणी बदलली. गाव आणि स्टेशन यांना जोडणारा रस्ता हा नवा कणा झाला. परभणी व पूर्णा ही जंक्शने झाली. पूर्णा येथे रेल्वेची स्वतंत्र वसाहत उभी राहिली. कापूस व धान्याच्या व्यापारामुळे मोंढा, म्हणजे शेतमालाच्या घाऊक बाजाराचा विभाग, वाढला. आडत दुकानांपुढचा रुंद ओटा आणि त्यापुढे मालाच्या गाड्या उभ्या राहतील अशी मोकळी जागा, ही रचना गरजेतून घडली असून तिचे मोजमाप अचूक आहे. हंगामात तेथे माल उतरतो, हंगाम नसताना तोच ओटा बसण्या-बोलण्याचा होतो. मानवत, सेलू येथील बाजारपेठाही कापसाच्या व्यापाराभोवती वाढल्या.

तत्त्वे : ऑस्ट्रियन वास्तुशास्त्रज्ञ कामिल्लो झिट्टे यांनी १८८९ मध्येच चौकाच्या वेढलेपणावर भर दिला होता. सभोवतालच्या इमारतींनी कवेत घेतलेली जागा माणसाला थांबायला लावते, चहूबाजूंनी सताड उघडी जागा त्याला पुढे ढकलते. परभणीतील अनेक नव्या चौकांत हा फरक सहज दिसतो. मध्ये वाहतुकीचे वर्तुळ, भोवती वाहने, आणि उभे राहायला जागा नाही. शहरांच्या अभ्यासक लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये मिश्र वापराचे महत्त्व सांगितले. खाली दुकान, वर घर अशा रस्त्यावर दिवसभर कोणा ना कोणाची नजर असते आणि तो सुरक्षित राहतो. पेठांची वस्ती मुळातच अशी आहे, तिला नव्याने शिकवण्यासारखे फारसे नाही. मानवी प्रमाण, मार्गांची सलगता आणि वृद्ध, मुले, अपंग यांना कुठेही सहज जाता येणे ही आणखी तत्त्वे होत. पदपथ सलग नसला तर ती सगळी एकदम मोडतात.

जुन्या वस्तीत बदल करताना काय पथ्य पाळावे याचे उत्तम मार्गदर्शन स्कॉटिश नियोजनकार पॅट्रिक गेडिस यांनी केले. ते १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. भारतातील अनेक शहरे पायी फिरून त्यांनी अहवाल लिहिले. सरसकट पाडापाड करून सरळ रस्ता काढण्याऐवजी मोडकळीस आलेले एखादे घर काढून तेथे झाड व बसायला जागा करावी, असा त्यांचा आग्रह होता. परभणीच्या जुन्या पेठांना आजही हाच उपाय मानवेल.

कायदा व गुंठेवारी : महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार शहरांच्या विकास योजना तयार होतात व त्यांवर नागरिकांना हरकती नोंदवता येतात. परभणी नगरपालिकेची महानगरपालिका २०११ मध्ये झाली. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ४,००० चौ. मी. वा त्याहून मोठ्या जमिनीचा लेआउट पाडताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. खरी अडचण त्याखालच्या तुकड्यांची आहे. शेतजमीन एकेका गुंठ्याने, म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट अशा १,०८९ चौ. फुटांच्या भूखंडांनी विकली जाते. रस्ता विकणाऱ्याने सोडला तेवढा. शेजारच्या तुकड्यातल्या रस्त्याशी तो जुळतोच असे नाही. मैदान, शाळा, झाड यांचा हिशेबच होत नाही. त्यातच जमीन काळी, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी, त्यामुळे कच्चे रस्ते व उथळ पाये दोन्ही लवकर खचतात. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने अशी घरे नियमित करण्याची वाट दिली. कमी पैशात घर बांधणाऱ्या कुटुंबांसाठी ती आवश्यकच होती. पण शिक्का मिळाल्याने रस्ता रुंद होत नाही आणि न सोडलेले मैदान नंतर सापडत नाही.

मोकळी जागा वर्षभर रिकामी दिसली म्हणून ती वाया गेली असे नव्हे. दरवर्षी फेब्रुवारीत भरणाऱ्या तुराबुल हक यांच्या उरुसाला सर्व धर्मांचे भाविक येतात आणि दर्ग्याच्या परिसरात दुकाने, पाळणे, खानावळी यांचे आखलेल्या रांगांचे एक तात्पुरते गावच वसते. ते वसू शकते, कारण तेवढी जमीन अजून गुंठ्यांनी विकली गेलेली नाही.