शंभर मण्यांची माळ

मुनस्यारीहून मिलमला चालत जाताना मनाशी म्हटलं, पावलं मोजू या. तीनशेनंतर फक्त धाप मोजत होतो!

मिलम हे पंडित नैनसिंग रावतांचं गाव. तिबेटात गोऱ्या साहेबाला पाऊल टाकायची बंदी, म्हणून सर्व्हे खात्यानं १८६५ साली यांना वेष पालटून ल्हासाला धाडलं. माळेत १०८ ऐवजी १०० मणी. शंभर पावलं झाली की एक मणी ओढायचा. लोकांना वाटायचं, काय हा भक्त! टिपणं प्रार्थनाचक्रात. सापडली असती तर मानच गेली असती. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं सुवर्णपदक दिलं.

आमच्या हमालानं विचारलं, "साहेब, किती झाली?"

"तीनशे... वगैरे."

त्या माळेत 'वगैरे'चा मणी नव्हता.