चरणामृताचे दोन चित्रपट

सत्यजित राय यांच्या 'गणशत्रू' (१९८९) या चित्रपटाचा उल्लेख निघाला की 'हे तर चित्रित केलेले नाटक' असा शेरा हमखास ऐकू येतो. शेरा निराधार नाही. 'पथेर पांचाली'पासून (१९५५) रायांनी बंगाली चित्रपटाला नाटकी संवादांच्या जोखडातून सोडवले. 'चारुलता'च्या (१९६४) आरंभी नायिकेचे एकटेपण त्यांनी जवळजवळ निःशब्द उभे केले. तोच दिग्दर्शक इब्सेनचे १८८२ सालचे नाटक घेतो आणि चार भिंतींत माणसांना बोलत बसवतो, याचा अर्थ कसा लावावा?

सर्वपरिचित उत्तर आजारपणाचे आहे. १९८३ मध्ये 'घरे बाइरे'चे काम चालू असताना रायांना हृदयविकाराचा झटका आला. पुढे वैद्यकीय निर्बंधांमुळे बाह्यचित्रण अशक्यप्राय झाले. परंतु या उत्तराने भिंतींचा उलगडा होतो, शब्दांचा होत नाही. 'चारुलता'ही बव्हंशी घरातच घडते. बंद खोलीतही कॅमेऱ्याला मौन साधता येते, हे रायांना कोणी शिकवायला नको होते.

आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर रायांच्याच 'देवी'त (१९६०) शोधावे लागते. एकोणिसाव्या शतकातील त्या कथेत जमीनदार सासऱ्याला स्वप्न पडते आणि सून दयामयी कालीचा अवतार ठरते. तिचे चरणामृत, म्हणजे आपल्याकडचे तीर्थ, घेतल्यावर एक मरणासन्न मूल शुद्धीवर येते. पुढे घरातलेच मूल आजारी पडते. त्याला वैद्याऐवजी तिच्या हवाली केले जाते आणि ते दगावते. 'देवी'त वादविवाद आहेत, पण चित्रपटाचे खरे म्हणणे दयामयीच्या भांबावलेल्या चेहऱ्यावर लिहिलेले आहे.

'गणशत्रू'त तेच चरणामृत एकोणतीस वर्षांनी परत येते. इब्सेनच्या स्नानगृहांच्या जागी रायांनी चंडीपूरचे मंदिर आणले. गावात काविळीची साथ आहे. मंदिराचे तीर्थ दूषित असल्याचे डॉ. अशोक गुप्त तपासणीच्या आधारे सांगतात, तर गंगाजल व तुळस असलेले पाणी अशुद्ध होणारच नाही, असा समोरचा दावा असतो. 'देवी'त श्रद्धा ही एका घराची शोकांतिका होती. इथे तिच्याभोवती नगरपालिका, वृत्तपत्र आणि देणगीदार यांचे हितसंबंध गुंफलेले आहेत. नगरपालिकेचा अध्यक्ष असलेला सख्खा भाऊच भर सभेत डॉक्टरांच्या हिंदूपणाविषयी प्रश्न करतो आणि पाण्याचा मुद्दा तिथेच बुडतो. सूचकतेचा लाभ अशा ठिकाणी झाकणाऱ्यालाच होतो. म्हणून रायांनी सूचकता सोडली असावी, असे आम्हांस वाटते.

या स्पष्टवक्तेपणाची किंमत चित्रपटाने मोजली आहे, हेही मान्य केले पाहिजे. इब्सेनचा डॉक्टर चिडून बहुमतावरच तुटून पडतो आणि अखेरीस एकटेपणालाच बळ मानतो. त्याच्यावर प्रेम करणे प्रेक्षकाला अवघड जाते, आणि नाटकाची ताकद तिथेच आहे. रायांचा डॉक्टर आरंभापासून निर्मळ आहे. शेवटी बाहेरून तरुणांच्या पाठिंब्याच्या घोषणा ऐकू येतात आणि आपण एकटे नाही हे त्याला उमगते. हा दिलासा कलादृष्ट्या सैल आहे. तथापि १९९२ मध्ये निधन पावलेल्या या दिग्दर्शकाच्या अखेरच्या तीन कथापटांतील हा पहिला होय. 'शाखा प्रशाखा' (१९९०) आणि 'आगंतुक' (१९९१) हेही बोलणारेच चित्रपट आहेत. एकदाच घडले असते तर अपघात म्हणता आले असते.

उत्तरकालीन कृतीतील बदलाला 'ऱ्हास' म्हणण्याची सवय साहित्याच्या वर्गातही आहे. शैली ही लेखकाची मालमत्ता समजली की ती सोडणारा कंगाल भासतो. 'देवी' आणि 'गणशत्रू' लागोपाठ दाखवून विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे : तीर्थ तेच असताना दिग्दर्शकाला आवाज का चढवावा लागला? त्याचे उत्तर रायांच्या प्रकृतीपेक्षा आपल्या समाजाच्या प्रकृतीत अधिक सापडेल.