सुसरीच्या तोंडाची वाम

मंडळी, वाम तुम्ही बाजारात पाहिली असेल. सापासारखी दिसते म्हणून काही घरांत ती आणतही नाहीत. आज सांगतोय ती तिची एक लांबची बहीण. हिंदी महासागरात, सूर्यप्रकाश पोचत नाही इतक्या खोलवर राहणारी. अंग फितीसारखे, जबडे चोचीसारखे लांब. शास्त्रीय नाव ‘गाविआलिसेप्स टेनिओला’.

नावाची फोड केली आणि गंमत वाटली. ‘टेनिओला’ म्हणजे छोटी फीत, ‘सेप्स’ म्हणजे डोक्याची. आणि ‘गाविआल’ म्हणजे चक्क घडियाल, आपली सुसर! हिंदीतला हा शब्द युरोपात पोचला तेव्हा मधल्या अक्षराचा ‘व’ झाला, तो आजतागायत तसाच आहे. मुलांच्या वहीत असते तर मी लाल शाईने गोल केला असता.

हे नाव १८८९ साली छापून आणले आल्फ्रेड अल्कॉकने. जन्म १८५९, मुंबईचा. वडील जहाजाचे कप्तान. पुढे घरची स्थिती खालावली आणि सतराव्या वर्षी पोराची रवानगी वायनाडच्या कॉफीमळ्यात झाली. ते काही जमले नाही. मग कलकत्त्यात एका कचेरीत नोकरी, मग आसामच्या चहामळ्यांसाठी मजूर भरतीचे काम, मग दार्जिलिंगला मास्तरकी. (इथे मी जरा सरसावून बसलो.) १८८१ मध्ये तो अ‍ॅबर्डीनला डॉक्टरी शिकायला गेला, १८८५ मध्ये सरकारी वैद्यकीय सेवेत शिरला आणि १८८८ मध्ये ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजावर डॉक्टर आणि निसर्गअभ्यासक म्हणून रुजू झाला.

हे जहाज मुंबईच्या गोदीत बांधलेले, १८८१ चे. मूळ काम समुद्राची मोजणी करून नकाशे बनवण्याचे. त्यातून सवड मिळेल तेव्हा खोल पाण्यात जाळे सोडायचे. १८८८-८९ च्या हंगामात बंगालच्या उपसागरातून जे मासे असे वर आले, त्यांत आपली ही वाम होती. अल्कॉकने पुढे १९०२ मध्ये या सगळ्या सफरींवर पुस्तकही लिहिले.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. या जहाजाचे नाव माशांना मिळाले, अल्कॉकचेही मिळाले. दोर ओढणाऱ्या खलाशांपैकी कुणाच्या नावाचा मासा माझ्या पाहण्यात नाही. त्या काळी सरकारी मरीनमध्ये आपल्या रत्नागिरीकडची माणसे पुष्कळ असत. त्यांच्यातला कुणी त्या दिवशी डेकवर असेल, तर जाळ्यातून हे लांबट काळे काहीतरी बाहेर पडल्यावर तो काय म्हणाला असेल? मला वाटते, ‘वाम’च म्हणाला असेल.