दावा

अपघातग्रस्तांच्या घरी एक वाक्य नेहमी कानी पडते: “दावा कशाला? उगाच वैर!” ही भीती शब्दातच मुरली आहे. अरबी ‘दअवा’चा धातू हाक मारण्याचा. फारसीमार्गे तो मराठीत आला हक्कसांगणी म्हणून. पुढे त्याला वैरही चिकटले. ‘दावा साधणे’ म्हणजे सूड उगवणे.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मात्र मूळ अर्थच चालतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार जखमीला उपचारखर्च, बुडालेली कमाई, आलेले अपंगत्व यांची भरपाई मागता येते, तीही राहत्या भागातल्या न्यायाधिकरणाकडे. वाहनाचा विमा असेल तर रक्कम बहुधा विमा कंपनी भरते. कायद्यातली मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे. वैराची धास्ती सोडा आणि हक्काची मागणी वेळेत नोंदवा.