होकार देणाऱ्यांचा इतिहास

लंडनच्या हॉक्स्टन भागात दवाखाना चालवणाऱ्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली अंगाला कंप सुटणाऱ्या एका दुखण्यावर छोटा निबंध छापला. त्यात सहा माणसांची हकिगत आहे. एक पन्नाशी ओलांडलेला माळी. दोघे रस्त्यात भेटलेले. त्यांतला एक जुना खलाशी सांगत होता की स्पेनच्या तुरुंगात कित्येक महिने ओल्या जमिनीवर पडून राहावं लागलं, त्यानेच हे जडलं. एका गृहस्थाला तर पार्किन्सननी नुसतं लांबून पाहिलं होतं. सहांपैकी एकाचंही नाव निबंधात नाही.

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. माझ्या ह्यांना कंपवाताचं निदान झालं, तेव्हा घाबरलेल्या मनाने मी जे करू शकत होते तेच केलं. या आजाराचा इतिहास वाचायला घेतला. वाचताना एक गोष्ट टोचत राहिली. डॉक्टरांची नावं सगळीकडे आहेत. रोगाला पार्किन्सनचं नाव आहे, मेंदूच्या पेशींत सापडणाऱ्या गोळ्यांना लेवींचं. ज्यांच्या शरीरांवर हे ज्ञान उभं राहिलं ती माणसं मात्र आकड्यांत उरली आहेत. सहा, वीस, सोळा, चाळीस. त्या आकड्यांतल्या माणसांबद्दल मला लिहायचं आहे.

पार्किन्सनना मेंदू उघडून पाहता आला नव्हता, आणि शवविच्छेदन करणाऱ्यांनी या दुखण्याकडे लक्ष द्यावं अशी विनंती त्यांनी निबंधातच केली होती. तिचं मोठं फळ १९६० साली व्हिएन्नात मिळालं. एरिंगर आणि हॉर्निकीविझ या दोघांनी मृत व्यक्तींच्या मेंदूंत डोपामिन हे रसायन किती आहे ते मोजलं. कंपवाताच्या सहा मेंदूंत ते फारच कमी भरलं. पण ‘कमी’ म्हणायचं तर कशापेक्षा? त्यासाठी ज्यांना मेंदूचा आजार नव्हता अशा सतरा जणांच्या मेंदूंतलंही डोपामिन मोजलेलं होतं. या शोधाला आजाऱ्यांपेक्षा निरोगी माणसांचा हातभार जास्त लागला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

ही उणीव भरून काढायला पुढच्याच वर्षी, १९६१ साली, वाल्टर बर्कमायर यांनी व्हिएन्नातच लाइंत्सच्या वृद्धाश्रमातल्या वीस रुग्णांना शिरेतून लेव्होडोपा हे औषध दिलं. अंथरुणात उठून बसता येत नव्हतं ते बसले, खुर्चीतून उठता येत नव्हतं ते उठले, उभे असून पाऊल टाकता येत नव्हतं ते चालू लागले. औषधाचा परिणाम ओसरला की पुन्हा पहिल्यासारखे झाले. त्यांच्या मनाचं त्या वेळी काय झालं असेल, हे कुठल्याही तक्त्यात येत नाही. मग १९६७ साली अमेरिकेत ब्रूकहेवनला जॉर्ज कोटझियास यांनी सोळा रुग्णांना तोंडावाटे औषध दिलं, अगदी थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवत. मळमळ, उलट्या, काहींच्या रक्तातल्या पेशी कमी होणं, सगळं त्या सोळा जणांनी सोसलं. त्यांतल्या आठ जणांना ठळक फरक पडला. आज आमच्या घरी गोळी घड्याळ लावून घेतली जाते, ती त्या सोळा जणांच्या अंगावरून आलेली आहे.

या इतिहासात आपल्या मुलखाचाही वाटा आहे. रानात शेंगेला हात लागला तर अंगाची आग करणारी खाजकुइली आपल्याला ठाऊक असते. तिच्या बियांत लेव्होडोपा असतं, हे मद्रासच्या दोन शास्त्रज्ञांनी १९३७ सालीच दाखवलं होतं. मुंबईचे डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बिया कंपवाताच्या रुग्णांना देऊन पाहिल्या आणि १९७८ साली निष्कर्ष छापले. पुढे याच बियांपासून केलेल्या औषधाची चाचणी साठ रुग्णांवर बारा आठवडे झाली, तिचा अहवाल १९९५ साली आला. पूड पाण्यात कालवून दिवसातून अनेकदा प्यायची होती. हाताला कंप असताना तो पेला तोंडापर्यंत नेणं काय असतं, ते मी रोज बघते.

त्याहून मोठं उदाहरण मुंबईच्या पारशी वसाहतींचं. डॉ. नादिर भरुचा, डॉ. एडी भरुचा आणि सहकाऱ्यांनी तिथे घरोघर पाहणी केली. समाजसेवक प्रश्नावली घेऊन दारोदार गेले. ज्यांच्या उत्तरांवरून शंका आली त्यांना मज्जातज्ज्ञांनी तपासलं. १४,०१० लोकांची माहिती गोळा झाली आणि दर लाखामागे सुमारे ३२८ जणांना कंपवात असल्याचं १९८८ साली प्रसिद्ध झालं. ‘आमच्या घरी कोणी आजारी नाही’ असं सांगणारी दारंही या कामात तेवढीच मोलाची होती, कारण ती मोजल्याशिवाय प्रमाण निघतच नाही.

मात्र होकार देणं म्हणजे काय, याचा अर्थ या काळात बदलत गेला. हॉक्स्टनच्या रस्त्यावर संमतीचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या महायुद्धातल्या छळप्रयोगांनंतर १९४७ साली न्यूरेंबर्गची संहिता आली, १९६४ साली हेलसिंकीचा जाहीरनामा आला. माणसाला सगळं समजावून सांगितल्याशिवाय आणि त्याने आपखुशीने ‘हो’ म्हटल्याशिवाय त्याच्यावर प्रयोग करायचा नाही, हे तत्त्व रुजलं. त्या तत्त्वाची कसोटी पाहणारी चाचणी अमेरिकेत झाली, तिचा अहवाल २००१ सालचा. चाळीस रुग्ण होते. निम्म्यांच्या मेंदूत गर्भपेशींचं रोपण केलं. उरलेल्या निम्म्यांच्या कवटीला भोकं पाडली, आत काहीच सोडलं नाही. आपण कुठल्या गटात आहोत हे वर्षभर कोणालाच कळणार नव्हतं, आणि हे माहीत असूनच सगळ्यांनी सही केली होती. हे करावं की नाही यावर तज्ज्ञांमध्ये कडाक्याचा वाद झाला. पण आत काहीच न सोडलेल्या त्या वीस जणांमुळेच रोपणाने खरोखर किती फायदा होतो हे जगाला कळलं. ज्येष्ठांना लाभ दिसला नाही, आणि रोपण झालेल्या काहींना नंतर आवरता न येणाऱ्या हालचाली सुरू झाल्या. ती चाचणी झाली नसती, तर कित्येकांनी आशेपोटी तेच ऑपरेशन करून घेतलं असतं.

आमच्यापुढे कंपवातावरच्या एका अभ्यासाचं मराठीत छापलेलं संमतिपत्र आलं तेव्हा हे सगळं माझ्या मनात होतं. ह्यांनी ते घेऊन आलेल्या बाईंना विचारलं, “मध्येच सोडलं तर माझे उपचार थांबणार का?” त्या म्हणाल्या, “नाही काका, कधीही सोडा, कारणही सांगू नका.” मग ह्यांनी सही केली. अक्षर मुंगीएवढं झालंय, तरी पुरी सही केली. मी निरोगी गटात. रक्त दिलं, अंगठ्यावर तर्जनी भराभर आपटून दाखवली, कागदावर गोलगोल चकली काढली, वास ओळखले. तेव्हा उमगलं, निदानाच्या कितीतरी आधीपासून ह्यांना हिंगाच्या फोडणीचा वास येत नव्हता. वास जाणं हे या आजाराचं फार आधीचं लक्षण असू शकतं.

निरोगी माणसांची गरज आज वाढली आहे. २०१० साली सुरू झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात रुग्णांबरोबर निरोगी स्वयंसेवकही पाठीतलं पाणी काढू देतात. त्यातल्या १,१२३ जणांच्या नमुन्यांवरून २०२३ साली दिसलं की अल्फा-सायन्युक्लिन या प्रथिनाची बिघडलेली रूपं चाचणीत पकडता येतात. कंपवात असलेल्या शंभरातल्या सुमारे ८८ जणांत ती सापडली. पण अशा संशोधनासाठी जमवलेली जगभरची जनुकीय माहिती अजूनही मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. आपली माणसं त्यात नसतील, तर त्यातून निघणारी उत्तरं आपल्याला पुरी लागू पडणार नाहीत.

पीएसपी, एमएसए यांसारखे या आजाराचे भाऊबंद तर हयातीत अनेकदा नीट ओळखूही येत नाहीत. पक्कं निदान पुष्कळदा मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये १९९५ पासून मेंदूपेढी आहे. नेत्रदानाचे, देहदानाचे अर्ज भरणाऱ्या आपल्या पिढीने मेंदूदानाचीही चौकशी करावी, असं मला मनापासून वाटतं.

सही करण्याआधी मात्र प्रश्न विचारा. नीतिसमितीची मंजुरी आहे का? चाचणी असेल तर सरकारच्या नोंदणीत, सीटीआरआयमध्ये, तिचा क्रमांक आहे का? इजा झाली तर खर्च कोण करणार? पैसे मागितले तर उठून या. उत्तरं पटली, तर ‘हो’ म्हणा. नकोसं वाटलं तर ‘नाही’ म्हणा, कारण नाही म्हणता येतं म्हणूनच त्या होकाराला किंमत आहे. पार्किन्सनच्या सहा माणसांना कोणी विचारलं नव्हतं. आपल्याला विचारलं जातंय, हा दोनशे वर्षांत मिळालेला हक्क आहे आणि तो वापरायला हवा.